३२ दिसतात, १६ असतात: जळगावच्या एका पतसंस्था-सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव शहरातले एक संगणक सेवा केंद्र. खान्देशातल्या ११ पतसंस्थांचे ठेव, कर्ज आणि सोनेतारणाचे सॉफ्टवेअर ते स्वतःच्या एकाच सर्व्हरवर चालवते. संस्थांची आणि माणसांची नावे इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

सर्व्हरमध्ये इंटेलचे दोन झिऑन ई५-२६२० व्ही४ प्रोसेसर, प्रत्येकी ८ कोअर (प्रत्यक्ष गणना करणारे स्वतंत्र भाग), मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, मेमरी १२८ जीबी. वर लिनक्स आणि केव्हीएम, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणारी लिनक्सची सोय. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन. तीन मोठ्या संस्थांना प्रत्येकी ४ आभासी सीपीयू आणि आठ छोट्यांना प्रत्येकी २, असे एकूण २८. लिनक्सला ३२ सीपीयू दिसत होते. उरलेले ४ खुद्द यजमान लिनक्ससाठी. हिशेब कागदावर इतका चोख बसला होता की दोन वर्षे कोणी त्याकडे वळून पाहिले नाही.

पण त्या डब्यात कोअर होते १६. बाकीचे १६ म्हणजे त्याच कोअरवरचे दुसरे थ्रेड (थ्रेड म्हणजे कोअरवर चालणारा कामाचा एक प्रवाह). एका कोअरवर एकाच वेळी दोन थ्रेड चालवण्याचे हे तंत्र म्हणजे सायमल्टेनियस मल्टिथ्रेडिंग, थोडक्यात एसएमटी. इंटेल त्याला हायपर-थ्रेडिंग म्हणते.

अडचण

१४ ऑगस्ट २०१८ रोजी इंटेलच्या प्रोसेसरमधली 'एल१ टर्मिनल फॉल्ट' ही त्रुटी जाहीर झाली. एका व्हर्च्युअल मशीनमध्ये पूर्ण ताबा असलेला माणूस त्याच कोअरच्या एल१ डेटा कॅशमध्ये (कोअरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) त्या क्षणी पडलेला दुसऱ्या मशीनचा डेटा वाचू शकतो, असा तिचा गाभा. ही कॅश ३२ केबीची आणि कोअरच्या दोन्ही थ्रेडची सामाईक. व्हर्च्युअल मशीनमध्ये शिरण्याआधी ती रिकामी करण्याचा उपाय कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. पण शेजारचा थ्रेड त्याच वेळी दुसऱ्याच संस्थेचे काम करत असेल, तर रिकामी केलेली कॅश तो लगेच पुन्हा भरतो.

सप्टेंबरात झालेल्या आयटी ऑडिटमध्ये शेरा आला: हायपर-थ्रेडिंग बंद करा, नाहीतर संस्थांचे काम एकमेकांपासून वेगळे आहे हे दाखवा. 'पतसंस्थेवर कोण एवढा हल्ला करायला बसलाय?' ही केंद्रातली पहिली प्रतिक्रिया समजण्यासारखी होती, पण शेरा रास्त होता. प्रत्येक संस्थेच्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्या संस्थेच्या बाहेरच्या व्हेंडरकडेही होता. म्हणजे 'मशीनमध्ये पूर्ण ताबा असलेली' माणसे केंद्राच्या ओळखीबाहेरची होती.

केंद्राने सोपा रस्ता धरला. २७ ऑक्टोबरच्या शनिवारी रात्री लिनक्सच्या एसएमटी नियंत्रण फाइलमध्ये 'ऑफ' लिहिले. सर्व्हर रीस्टार्टही करावा लागला नाही. दिवाळीच्या आधीचे दिवस थोडे कुरकुरत गेले, पुढे सुट्ट्या लागल्या. घोडे पेंड कुठे खात होते ते भाऊबीज उरकून सोमवारी, १२ नोव्हेंबरला कळले. कापसाचे पैसे हातात आलेले, ठेवी भरायला रांगा, आणि पावती छापायला दोन सेकंदांच्या जागी सात-आठ सेकंद. दुपारी बाराच्या सुमारास व्हर्च्युअल मशीनच्या आतून पाहिले तर 'स्टील टाइम' २० टक्क्यांच्या वर. आतल्या सीपीयूला काम करायचे आहे, पण बाहेर त्याला खरा सीपीयू मिळत नाही, असा वेळ म्हणजे स्टील टाइम. २८ आभासी सीपीयू आणि यजमान, सगळे १६ जागांवर आले होते.

दुपारी चारला एसएमटी परत चालू केले. रांगा हलल्या, ऑडिटचा शेरा मात्र जागच्या जागी राहिला.

हे तंत्र मुळात कशासाठी होते

पुढचा निर्णय घेण्याआधी केंद्राच्या तंत्रज्ञाने एक प्रश्न नीट मांडला: दुसरा थ्रेड आपल्याला खरोखर किती देतो? त्याचे उत्तर या तंत्राच्या इतिहासात आहे, म्हणून तो थोडा सविस्तर.

एका हार्डवेअरवर अनेक कामे आलटून-पालटून चालवायची कल्पना जुनी. १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्ये इनपुट-आउटपुटसाठी १० 'परिधीय प्रोसेसर' होते आणि ते सगळे एकाच गणनयंत्रणेचे फेरे पाळीपाळीने वापरत. बर्टन स्मिथ यांनी डेनेलकॉरच्या एचईपी यंत्रात आणि पुढे टेरा एमटीएमध्ये हीच दिशा धरली. मेमरीची वाट पाहण्याचा वेळ दुसऱ्या थ्रेडच्या कामाने भरायचा. टेराच्या एका प्रोसेसरवर १२८ थ्रेडची सोय होती. मात्र या यंत्रांत एका क्लॉकला, म्हणजे प्रोसेसरच्या एका ठोक्याला, एकाच थ्रेडची पाळी असे. एकाच क्लॉकमध्ये दोन वेगळ्या प्रवाहांच्या सूचना (प्रोसेसरने करायच्या बारीक कृती) सोडायच्या, हा विचार आयबीएमच्या एसीएस प्रकल्पात १९६८ मध्येच झाला होता. पुढच्या वर्षी तो प्रकल्पच गुंडाळला गेला.

कल्पनेला आजचे रूप आले ते १९९५ मध्ये. वॉशिंग्टन विद्यापीठातले डीन टल्सन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी एका क्लॉकला ८ सूचना सोडू शकणाऱ्या प्रोसेसरचे अनुकरण करून मोजले. त्यातल्या जेमतेम १९ टक्के जागा वापरल्या जात होत्या, म्हणजे ८ ची सोय असून सरासरी दीड सूचनाही सुटत नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाया जाणाऱ्या जागांचे त्यांनी दोन प्रकार केले. पूर्ण क्लॉक रिकामा गेला तर उभा अपव्यय, काही जागा भरल्या आणि काही रिकाम्या राहिल्या तर आडवा. ६१ टक्के अपव्यय उभा होता, बाकी आडवा. जुन्या पाळीपाळीच्या पद्धतीने फक्त उभा भरतो. एसएमटीने दोन्ही भरतात.

पुढच्याच वर्षी डिजिटल कंपनीचे जोएल एमर आणि रेबेका स्टॅम यांच्यासह त्यांनी दाखवले की नेहमीच्या सुपरस्केलर (एका क्लॉकला अनेक सूचना सोडणाऱ्या) रचनेत फार बदल न करता हे जमते. कुठल्या थ्रेडच्या सूचना आधी आणायच्या, यासाठीचा 'आयकाउंट' नियम त्यातलाच: ज्याच्या सूचना पाइपलाइनमध्ये कमी साचल्या आहेत, त्याला आधी वाढायचे. ८ थ्रेडवर क्लॉकमागे ५.४ सूचना, म्हणजे साध्या रचनेच्या अडीच पट काम, असा तो निकाल होता. डिजिटलने, पुढे कॉम्पॅकने, यावर चार थ्रेडचा अल्फा २१४६४ हा प्रोसेसर आखला. तो २००१ मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाला. २००२ मध्ये इंटेलने आधी झिऑनमध्ये आणि नोव्हेंबरात ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले. चिपच्या आकारात ५ टक्क्यांहून कमी वाढ आणि सर्व्हरच्या कामात ३० टक्क्यांपर्यंत फायदा, असा इंटेलचा दावा होता. २००६ च्या कोअर २ मध्ये ते नव्हते, २००८ च्या नेहेलममध्ये परत आले. आयबीएमने पॉवर५ मध्ये दोन, पॉवर७ मध्ये चार, पॉवर८ मध्ये आठ थ्रेडपर्यंत मजल नेली. एएमडीने २०१७ च्या झेनपासून दोन थ्रेड दिले.

५ टक्के जागेत दुसरा कोअर येत नाही, हे त्या आकड्यातच लिहिले आहे. रावेरकडे केळीच्या वखारीवर चार हमाल असतात. एका शेतकऱ्याची घडं काट्यावर अडकली की तेच हमाल दुसऱ्याचा ट्रॅक्टर खाली करायला लागतात. हमाल चारच राहतात, त्यांचे बसून राहणे कमी होते.

केंद्राच्या प्रोसेसरमध्ये हे असे होते. प्रत्येक क्लॉकला ४ सूचनांची सोय. मेमरीपर्यंत जाऊन यायला ९० नॅनोसेकंद धरले तर २.१ गिगाहर्ट्झवर सुमारे १८९ क्लॉक, म्हणजे साडेसातशे जागा. १९२ नोंदींची रीऑर्डर रांग, म्हणजे हातात घेतलेल्या पण अजून न संपलेल्या सूचनांची रांग, तेवढ्यात केव्हाच भरून थांबते. दुसरा थ्रेड जागा असला की ही रांग, ७२ नोंदींची लोड (मेमरीतून वाचण्याची) रांग आणि ४२ नोंदींची स्टोअर (मेमरीत लिहिण्याची) रांग निम्मी-निम्मी वाटली जाते. कॅश आणि गणनेचे एकक दोघांत सामाईक. म्हणजे जे काम मेमरीची वाट पाहत बसते त्याला दुसरा थ्रेड फळतो, आणि जे काम गणनेची एकके आधीच भरून टाकते त्याला तो नडतो.

याच सामायिकपणातून सुरक्षेचा प्रश्न निघतो, आणि तोही २०१८ चा नाही. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००५ मध्येच दाखवले होते की शेजारच्या थ्रेडवरून कॅशची हालचाल पाहून गुप्त किल्लीचे तुकडे काढता येतात. १३ वर्षे बहुतेकांनी ते कोपऱ्यात ठेवले. जून २०१८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने हायपर-थ्रेडिंग मुळातच बंद ठेवायचे ठरवले, तेव्हा अनेकांना तो आततायीपणा वाटला होता.

पर्याय

पहिला: आहे तसे चालू ठेवायचे. ऑडिटमुळे हा बादच.

दुसरा: एसएमटी बंद ठेवून आभासी सीपीयू कमी करायचे. छोट्या संस्थेला १, मोठ्यांना २. सुरक्षेच्या दृष्टीने सर्वात स्वच्छ. पण मार्चअखेरची व्याज आकारणी रात्रीत संपेल का, हे कुणालाच सांगता येईना.

तिसरा: दुसरा सर्व्हर घ्यायचा. आर्थिक वर्ष संपेपर्यंत पैसे नव्हते.

चौथा: एसएमटी चालू ठेवायचे, पण एक पूर्ण कोअर, त्याच्या दोन्ही थ्रेडसह, एकाच संस्थेला बांधून द्यायचा. शेजारी परका बसणारच नाही.

चौथ्याचा हिशेब गमतीदार निघाला. मोठ्या तीन संस्थांना २ कोअर म्हणजे ६, छोट्या आठ संस्थांना १ म्हणजे ८, एकूण १४. यजमानाला २. बरोबर १६. संस्थांना पूर्वीइतकेच थ्रेड मिळत होते, फक्त कोणाच्या शेजारी कोण हे ठरवून दिले जाणार होते.

निवडण्याआधी एका मोठ्या संस्थेच्या डेटाच्या प्रतीवर चाचणी झाली. टर्बो (प्रोसेसरने स्वतःहून वेग वाढवणे) बंद करून वेग २.१ गिगाहर्ट्झला बांधला, कारण खोलीतला एसी बंद-चालू झाला की टर्बोमुळे आकडे हलत होते. २ कोअरवर व्याज आकारणी: प्रत्येक कोअरवर एक, असे २ कामगार प्रोसेस चालवले तर ८६ मिनिटे, दोन्ही थ्रेडवर मिळून ४ चालवले तर ६८. खाते, इंडेक्स, व्यवहार असे उड्या मारत मेमरी वाचणारे काम, म्हणजे अपव्यय बहुतेक उभा. त्याच मशीनवर केवायसीच्या स्कॅनचे आकुंचन: २ कामगारांना ३८ मिनिटे, ४ कामगारांना ४१. इथे एकके आधीच भरलेली, आणि त्यावर दोन प्रतिमा ३२ केबीच्या कॅशमध्ये धक्काबुक्की करत होत्या.

'हायपर-थ्रेडिंग चांगले की वाईट' हा वाद इथे संपला. चौथा पर्याय ठरला. स्कॅनचे काम मात्र कोअरमागे एकाच कामगाराने करायचे.

कार्यवाही, आणि त्यातली मोठी चूक

जानेवारी २०१९ मध्ये बांधणी झाली. तंत्रज्ञाने पहिल्या छोट्या संस्थेला सीपीयू २ आणि ३ दिले. दुसरीला ४ आणि ५. ओळीने पुढे जात एकीला १८ आणि १९ गेले. लगतचे क्रमांक म्हणजे एकाच कोअरचे दोन थ्रेड, असे गृहीत धरले होते.

तसे ते नव्हते. या सर्व्हरवर लिनक्सने आधी सर्व कोअरच्या पहिल्या थ्रेडला क्रमांक दिले होते: ० ते ७ पहिला प्रोसेसर, ८ ते १५ दुसरा. मग १६ ते ३१ हे त्याच क्रमाने दुसरे थ्रेड. म्हणजे २ चा जोडीदार १८, ३ चा जोडीदार १९. झालेल्या वाटपात प्रत्येक कोअरवर दोन वेगवेगळ्या संस्था हटकून शेजारी बसल्या होत्या. आधी हे योगायोगाने व्हायचे, आता ते कायम बांधून दिले होते.

चूक पकडली गेली ती वेगामुळे. एका संस्थेची डे-एंड (दिवसअखेरचा हिशेब) चालू झाली की ठरावीक दुसऱ्याच संस्थेची खिडकी मंदावायची, आणि दरवेळी तीच जोडी. मग प्रत्येक सीपीयूची 'थ्रेड सिब्लिंग्स लिस्ट' ही फाइल उघडून पाहिली. सीपीयू २ साठी तिथे लिहिले होते: २,१८. हे पाहायला एक मिनिट लागते, आणि क्रमांकांची पद्धत मदरबोर्डाप्रमाणे बदलते म्हणून दुसऱ्या सर्व्हरवरचा अनुभव इथे लागू पडत नाही.

दुसऱ्या वेळी काम असे झाले. यजमानाला कोअर ० आणि ८, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरवर एक. पहिल्या प्रोसेसरच्या उरलेल्या ७ कोअरवर दोन मोठ्या आणि तीन छोट्या संस्था, दुसऱ्यावर एक मोठी आणि पाच छोट्या. कुठलीही संस्था दोन प्रोसेसरमध्ये विभागली नाही आणि तिची मेमरीही त्याच प्रोसेसरच्या बाजूला बांधली.

व्हर्च्युअल मशीनच्या व्याख्येत छोट्यांसाठी १ कोअर-२ थ्रेड, मोठ्यांसाठी २ कोअर-प्रत्येकी २ थ्रेड अशी रचना लिहिली. हे न लिहिल्यास आतल्या लिनक्सला ४ स्वतंत्र कोअर दिसतात. मग दोनच कामे असताना तो दोन्ही एकाच कोअरवर टाकू शकतो आणि दुसरा कोअर रिकामा राहतो.

शेवटी नेटवर्क आणि डिस्कचे इंटरप्ट (काम आल्याचे इशारे) यजमानाच्या कोअरवर वळवले. आपोआप वाटप करणाऱ्या सेवेला इतर कोअर वर्ज्य केले. व्हर्च्युअल मशीनचे एम्युलेटर थ्रेडही (आभासी उपकरणे चालवणारी यजमानाची कामे) तिथेच आणले. ही पायरी बरेच जण सोडतात. पण संस्थेच्या कोअरवर यजमानाचा इंटरप्ट चालला की यजमानाचा डेटा त्या कॅशमध्ये येतो, आणि शेजारच्या थ्रेडवर ती संस्था असतेच.

निष्पत्ती

३१ मार्चची रात्र सुरळीत गेली. अकराही संस्थांची आकारणी पहाटे चारच्या आत संपली. कापसाच्या हंगामात दिसलेला स्टील टाइम संस्थांच्या मशीनवर जवळजवळ शून्यावर आला, कारण बांधलेल्या कोअरवर दुसरे कोणी येतच नव्हते. याची दुसरी बाजूही होती. एखाद्या संस्थेचा कोअर निवांत असला तरी गर्दीतल्या संस्थेला तो उसना मिळत नव्हता. एका मोठ्या संस्थेला सोनेतारणाच्या लिलावाच्या आठवड्यात हे जाणवले.

आखाजीच्या सुट्टीत, ७ मे २०१९ ला, कर्नल आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) अद्ययावत केले. बरोबर एका आठवड्याने, १४ मे रोजी, 'एमडीएस' हा त्रुटींचा नवा गट जाहीर झाला. यात गळती कॅशमधून नसून कोअरच्या आतल्या तात्पुरत्या साठ्यांतून, म्हणजे फिल बफर, स्टोअर बफर आणि लोड पोर्टमधून होती, आणि तीही शेजारच्या थ्रेडपर्यंत पोहोचणारी. पुन्हा मायक्रोकोड, पुन्हा कर्नल. त्यानंतर प्रणालीच्या त्रुटी-अहवालात ओळ दिसू लागली: 'बफर साफ केले जातात, एसएमटी असुरक्षित'. केंद्रात थोडी घबराट झाली, पण बांधणी आधीच झाल्यामुळे संस्था-संस्थांमधला मार्ग बंद होता. त्या निमित्ताने यजमानाच्या दोन कोअरवरचे दुसरे थ्रेड, म्हणजे सीपीयू १६ आणि २४, बंद करून टाकले.

ऑडिटने ही व्यवस्था मान्य केली. सोबत दोन उणिवा नोंदवल्या. एकाच संस्थेच्या आत, तिच्या दोन प्रोग्रामांमध्ये, शेजारी थ्रेडचा धोका शिल्लक आहे. आणि यजमानाच्या दोन कोअरवर रात्रीच्या बॅकअपच्या वेळी गर्दी होते. दुसरी उणीव बॅकअप तीन गटांत विभागून निभावली. पहिली संस्थांना लेखी कळवली.

वेगळे काय करता आले असते

बंद करून पाहण्याचा प्रयोग दिवाळीच्या तोंडावर करायलाच नको होता. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात काही बिघडले नाही, याला चाचणी म्हणत नाहीत. ऑगस्टात, व्यवहार मंद असताना, एका मंगळवारी भर दुपारी अर्धा तास बंद करून स्टील टाइम पाहिला असता तर नोव्हेंबरचा गोंधळ टळला असता.

क्षमतेचा हिशेब पहिल्या दिवसापासून कोअरवर हवा होता. दुसऱ्या थ्रेडचा फायदा या कामात चौथ्या हिश्श्याच्या आसपास निघाला, म्हणजे १६ कोअर ३२ थ्रेड हे वीसेक कोअरच्या तोलाचे होते. ३२ धरून २८ वाटले तेव्हाच उसनवारी सुरू झाली होती, फक्त ती दिसत नव्हती.

ऑडिटच्या शेऱ्यात 'किंवा वेगळे आहे हे दाखवा' हा दुसरा मार्ग पहिल्यापासून होता. तो वाचला गेला नाही, हे थोडे चमत्कारिकच.

आज हेच प्रकरण आले तर आणखी एक पर्याय आहे. ऑगस्ट २०२१ च्या लिनक्स ५.१४ पासून 'कोअर शेड्युलिंग' आले. एकमेकांवर विश्वास असलेल्या कामांना एक खूण द्यायची, मग कर्नल एका कोअरवर एका वेळी एकाच खुणेची कामे चालवतो. संस्थेला कोअर कायमचा बांधावा लागत नाही, त्यामुळे लिलावाच्या आठवड्यातली अडचण सुटते. यजमानाच्या इंटरप्टचा प्रश्न मात्र त्यानेही पूर्ण मिटत नाही. आणि नवे यंत्र घेताना थ्रेड मोजण्याची सवय आणखी फसवी ठरते. २०२१ च्या अ‍ॅल्डर लेकमध्ये मोठ्या कोअरला दोन थ्रेड आणि छोट्यांना एकच. २०२४ च्या लूनर लेक आणि अ‍ॅरो लेकमध्ये इंटेलने हायपर-थ्रेडिंग काढूनच टाकले.

पुढे बारावी संस्था आली तेव्हा सोळाही कोअर वाटलेले होते. बॅकअपची वेळ सोडली तर यजमानाचे कोअर बराच वेळ रिकामेच असतात, तिथे बसवून टाकू, अशी सूचना झाली. तंत्रज्ञाने ती मानली नाही. बाराव्या संस्थेसाठी वेगळे यंत्र घेतले गेले, आणि करारातले '२ सीपीयू' हे शब्द बदलून '१ कोअर, दोन्ही थ्रेडसह' असे लिहिले.